भरल्या नळाची शांतता

पाणीखात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. हजेरीपटावर वेगळं नाव होतं, पण ते एखादा साहेब रागावला तरच बाहेर यायचं.

काम असं की रस्त्याखालचा नळ कुठं गळतो ते कानानं शोधायचं. हातात चार फुटी लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडाची वाटी. सळईचं टोक जमिनीवर टेकवायचं, वाटी डाव्या कानाला लावायची आणि गप्प उभं राहायचं. बघणाऱ्याला वाटावं, माणूस काठीला टेकून डुलकी काढतोय. एका नव्या साहेबानं तर कामाच्या वेळी झोपल्याबद्दल लेखी खुलासा मागितला होता. कानसेननं दोन ओळी लिहून दिल्या: ‘झोपलो नव्हतो. आपण उभे आहात तिथं दोन हात खाली नळ फुटला आहे, कृपया बाजूला व्हावे.’ साहेब बाजूला झाला. खणलं. फुटलाच होता.

हाताच्या कामाचा अभिमान बाळगणारा माणूस वरच्यांना नेहमी उद्धट वाटतो. वाटू दे. सहा जणांनी सहा ठिकाणी रस्ता उकरण्यापेक्षा एका उद्धट माणसानं एकाच ठिकाणी बोट ठेवलेलं काय वाईट?

ही विद्या त्याला त्याच्या उस्तादानं दिली. म्हातारा शिव्या फार द्यायचा आणि शिकवायचा थोडं. पण एक गोष्ट त्यानं पहिल्याच दिवशी सांगितली होती. “नळ गप्प आहे म्हणून खूश होऊन घरी जाऊ नको, गाढवा. भरलेला नळही गप्प असतो आणि रिकामाही गप्प असतो. कानाला दोन्ही सारखेच. ठोकून बघायचं. हात लावून बघायचा.”

घरात त्याची बायको. पुढच्या खोलीत लांबलचक टेबल टाकून ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. आणि देव तिच्याशी बोलायचा. शेजारीण येऊन गेली म्हणून सांगावं तितक्या सहज ती हे सांगायची. “आज म्हणाला, धाकट्या बहिणीला फोन कर, ती रुसलीय.” “आज म्हणाला, कॉलर तू जाळलीस, आता खोटं बोलू नको.”

कानसेन म्हणायचा, “तुझ्या देवाला वाफेची भारी आवड. इस्त्री तापली की हजर.”

“तुमच्याशीही बोलत असेल. तुम्ही सदा त्या काठीला कान लावून. त्याला वाटत असेल, लाइन बिझी आहे.”

तो हसायचा, पण लागायचं. अख्ख्या शहरात ज्याच्या कानाला तोड नाही, त्यालाच तेवढं ऐकू येऊ नये? रोज सकाळी, बायको चहा ठेवायला उठली की, तो पलंगाच्या कडेवर पाच मिनिटं बसायचा. मागायचं काही नाही, मागणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. नुसतं ऐकायचं. एकतीस वर्षं तो असा बसत आला होता आणि एकतीस वर्षांत एक अक्षर नाही. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. अपमान चारचौघांत सांगत फिरायचा नसतो.

मग गेल्या वर्षी, थंडी सरता सरता, आवाज सुरू झाला.

बारीक, एकसुरी, दूरवरच्या नळातून पाणी झिरपावं तसा. दुसरा कुणी असता तर दवाखान्यात गेला असता. पण या माणसाला आवाज आला की तो नळातूनच येणार. त्यानं ठरवून टाकलं की घरात गळती आहे. त्याचा जुना दोस्त चावीवाला, म्हणजे गल्लोगल्लीच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा, त्याला बोलावून घराची लाइन बंद करायला लावली. आवाज चालूच. मग शेजाऱ्याची असेल. चावीवाल्यानं तासभर पूर्ण गल्ली बंद केली आणि सगळ्या गल्लीच्या शिव्या खाल्ल्या. आवाज चालूच. शेवटी कानसेननं छिन्नी-हातोडा घेऊन न्हाणीघराची फरशी उखडली. खाली नळ कोरडाठाक, एक ओरखडासुद्धा नाही.

चावीवाला उंबऱ्यात बसून चहा पीत होता. म्हणाला, “कानसेन, आता फक्त तुझं डोकं खणायचं राहिलं.”

दोघंही हसले. नंतर चावीवाल्याला त्या वाक्याची फार लाज वाटली, पण तेव्हा हसले.

बायको फरशीचे तुकडे घमेल्यात भरत होती. भरता भरता थांबली. “अहो, तो तर नसेल?”

“कोण तो?”

“तोच. तुमच्याशी बोलायला तुमचीच भाषा घेऊन आला असेल.”

“कामाला लाग,” कानसेन म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्यानं त्या आवाजाकडं पहिल्यांदा नीट कान दिला. गळती म्हणून नाही. आणि पन्नाशी उलटलेल्या त्या ताठ माणसाच्या छातीत काहीतरी असं हललं की त्याला पलंगाची पट्टी धरावी लागली. आला बहुतेक. उशिरा का होईना, आला.

एकोणीस दिवस तो रोज बसला. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. “बोल,” तो मनात म्हणायचा. आवाज तसाच राहायचा, बारीक आणि एकसुरी, त्यात शब्द नाही. त्याला त्याचंही काही वाटलं नाही. बंद नळाला पाणी सोडलं की आधी हवा येते, फुसफुस करते, मग धार लागते. ही हवा आहे. धार मागून येतेय. एकतीस वर्षं थांबलो, आता काय घाई.

त्या एकोणीस दिवसांत तो गल्लीत गुणगुणत चालायचा. त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टाखाली एवढं सुख आहे हे कुणाला कळलं नाही. बायकोला कळलं होतं, पण ती दृष्ट लागेल म्हणून बोलली नाही.

विसाव्या दिवशी सपाट रस्त्यावर त्याचा तोल गेला. दोन दिवसांनी पुन्हा. मग लक्षात आलं की फोन डाव्या कानाला लावला तर पलीकडचं काहीच कळत नाही. बायकोनं टेबलावरचे कपडे तसेच ठेवले आणि त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. डोळ्यांत झोप, बोलणं रोखठोक. त्यांनी खिशातून पोलादी चिमट्यासारखं काहीतरी काढलं, स्वतःच्या कोपरावर आपटलं आणि त्याचा दांडा त्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज कपाळातून आत उतरला.

“कुठल्या बाजूला ऐकू येतं?”

“उजव्या,” तो म्हणाला. आणि न राहवून, “बाई, हे तर आमच्या धंद्यातलं.”

“काय करता?”

“रस्त्याखालची गळती शोधतो.”

“मग बरोबर ठिकाणी आलात. मीही तेच करते.”

त्याला बाई आवडल्या. मग मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले, आणि चार दिवसांनी बाईंनी तो फोटो उजेडावर धरला. डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती. वाटाण्याएवढी. कर्करोग नाही.

“आणि तो आवाज?” त्यानं विचारलं.

“नस दबली की मेंदू आपला आपणच आवाज तयार करतो. तुम्हाला ऐकू येतं, पण बाहेर काही नसतं.”

“बाहेर काही नसतं,” तो म्हणाला.

पुढचं बाई समजावून सांगत होत्या आणि बायको एकेक शब्द डोक्यात बसवत होती. गाठ काढली तर डावा कान कायमचा जाणार. चेहऱ्याची नस तिच्या शेजारूनच जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होऊ शकतं. नाही काढली तर कदाचित आहे तेवढीच राहील, कदाचित वाढून मेंदूवर दाब आणेल. आज कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. थांबायचं असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. काढायची तर पुढच्या आठवड्यात जागा आहे. सोमवारी येऊन सही करा, नाहीतर नाही म्हणून सांगा.

“तुम्ही असता तर?” बायकोनं विचारलं.

“काढली असती. पण ताई, माझं पोट माझ्या कानावर नाही.”

बसमध्ये बायको सवयीनं त्याच्या डाव्या बाजूला बसली आणि काहीतरी बोलत राहिली. त्याला ऐकू येत नव्हतं. तो खिडकीतून बाहेर बघत रडत होता. मग ती उठली, त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून खिडकीकडच्या रिकाम्या सीटवर सरकली आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “घाबरू नका हो.”

“घाबरत नाही. तो नव्हताच गं तो.”

ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली.

त्या आठवड्यात कानसेननं आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. तेही ऐटीत, नोटीस बजावावी तसं. एकच शब्द दे. काढ, किंवा थांब. अख्खी गोष्ट नको, एक शब्द, उजव्या कानात दे, डावा तर तूच घेऊन बसलास. सकाळी बसला, दुपारी बसला. चहा गार झाला. डाव्या कानात ती गाठ गात राहिली आणि उजव्यात रस्त्यावरची वाहनं.

शनिवारी त्याचा ताठा मोडला. बायको इस्त्री करत होती, तिथं जाऊन उभा राहिला. “तू विचार त्याला. तुझं ऐकतो.”

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. “विचारलं.”

“मग?”

“माझ्याशीही बोलत नाही. त्या फोटोच्या दिवसापासून एक शब्द नाही. तुम्हाला सांगितलं नाही, तुमचा उरलासुरला धीर सुटेल म्हणून.”

घरातली चालू लाइनसुद्धा बंद पडली होती.

रविवारी सकाळी चावीवाला दारात आला. खालच्या वस्तीत चार दिवस पाणी नव्हतं. वरच्या बंगल्यांत चार तास नसतं तरी खात्याची धावपळ झाली असती. खालच्या वस्तीला एक टँकर पाठवला की खातं हात धुऊन मोकळं. त्यात ठेकेदारानं नवं मशीन आणलं होतं. मशीननं तीन जागा दाखवल्या, तीन खड्डे खणले. तिन्ही ठिकाणी नळ धड. वस्तीखालून जुनं गटार जातं, त्याच्या खळखळाटानं मशीन येडं झालं होतं.

“माझी रजा आहे,” कानसेन म्हणाला. “आणि माझा कान गेलाय. तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. तरी चल. तिथल्या बाया मला आता चावीसकट गाडणार आहेत.”

बायकोनं सळई आणून त्याच्या हातात दिली.

वस्तीत टँकरपुढं बादल्यांची रांग होती. चावीवाल्यानं लाइन सोडली आणि कानसेननं पहिल्या खड्ड्याजवळ सळई टेकवून वाटी डाव्या कानाला लावली. गाठीचं गाणं, बाकी काही नाही. उजव्या कानाला लावली. उजवा कान म्हणजे घरजावई, आजवर त्याला कधी कामाला लावलंच नव्हतं. त्याला गटार कुठलं आणि गळती कुठली हेही कळेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक बादलीवाली म्हणाली, “मशीन उभं राहून गेलं, आता माणूस उभा राहिलाय. आमचं काय, आम्ही पण उभ्याच.”

एवढं तरी सांग, तो आत म्हणाला. माझ्यासाठी नको. यांच्यासाठी.

काही नाही.

त्याचं डोकं फिरलं. तो खड्ड्यात उतरला आणि त्यानं हातातली सळई रागानं नळावर हाणली.

ठप्.

आवाज तिथल्या तिथंच विरला. कानसेन सळई धरून तसाच उभा राहिला. उस्तादाची शिवी त्याला आठवली, आधी शिवी आणि मग बाकीचं. त्यानं वाकून नळावर तळवा ठेवला. नळ गारेगार होता, त्याच्या लोखंडी पाठीला घाम फुटलेला. भरलेला होता, काठोकाठ.

तो दुसऱ्या खड्ड्यात उतरला. ठप्. गार, ओला. तिसऱ्यात उतरला आणि ठोकलं. टण्ण. आवाज नळातून लांब पळत गेला. हात लावला तर कोरडा.

“पाणी दुसऱ्यापर्यंत येतंय,” तो वर येऊन चावीवाल्याला म्हणाला, “तिसऱ्याला पोचत नाही. मध्ये कुठंतरी गटारात पडतंय.”

“एवढं मशीनला कळलं नाही?”

“मशीन नळाला कशाला हात लावेल. घाण लागते.”

मध्ये तीस-बत्तीस पावलं होती. तेवढा रस्ता फोडायचा तर आणखी दोन दिवस. कानसेनला त्या बाईंचा पोलादी चिमटा आठवला. त्यानं वाटी कानाऐवजी कपाळाच्या मधोमध टेकवली, डोळे मिटले आणि एकेक पाऊल सरकू लागला. रांगेतली ती बाई शेजारणीला म्हणाली, “हे बघ, नळाला नमस्कार घालतोय. काय दिवस आले.”

अकराव्या पावलावर कपाळाचं हाड थरथरलं. त्याला आवाज म्हणता आला नसता. झोपलेल्या माणसाच्या अंगावर हात ठेवला की आत काहीतरी चाललेलं कळतं, तसं.

“इथं,” तो म्हणाला.

खणलं. नळाच्या बुडाला हातभर चीर होती आणि पाणी गटाराच्या भिंतीच्या विटांतून आत पडत होतं, वर टिपूस नाही.

नळ जोडेपर्यंत दुपार झाली. बादलीवालीनं घरातली शेवटची, टँकरच्या पाण्याची कळशी वाकवून त्याच्या हातावर पाणी घातलं. “तोंड धुवा. आणि मगाचं मनावर घेऊ नका, चार दिवस अंघोळ नाही, डोकं ठिकाणावर नाही.” तो हसला. चावीवाला म्हणाला, चल. तो म्हणाला, थांब जरा, आणि जाऊन दुसऱ्या खड्ड्याच्या काठावर बसला. हात लांब करून त्यानं पुन्हा नळावर ठेवला. नळ काही बोलत नव्हता. खालून वस्तीतल्या पहिल्या तोट्या उघडल्याचा गलबला आला. नळ तसाच, गार आणि गप्प, आणि सगळं त्याच्यातून चाललेलं.

एकतीस वर्षं तो बोलतोस का, एवढंच विचारत आला होता. आहेस का, हे कसं विचारायचं ते त्याला माहीत नव्हतं. ठोकायला हाताशी काय होतं?

घरी आला तेव्हा बायको इस्त्री करत होती. तो दाराशीच थांबून बघत राहिला. शर्ट पसरला, पाणी शिंपडलं, बाही, कॉलर, पाठ, घडी. पुढचा शर्ट. त्या फोटोच्या दिवसापासून तिच्या आयुष्यातला सगळ्यात जुना आवाज बंद होता, नवऱ्याचं काय होणार ठाऊक नव्हतं, आणि हात एकदाही चुकत नव्हता.

“काही बोलला?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“भीती वाटते?”

“वाटते की. रात्रभर वाटते.” तिनं घडी ढिगावर ठेवली आणि वर तळवा दाबला. “वस्तीत पाणी आलं?”

“आलं.”

“मग हात धुऊन घ्या, जेवायला वाढते. सकाळपासून उपाशी आहात.”

त्या गाठीच्या बातमीनं तिला चांगलंच ठोकलं होतं. आणि आवाज टण्ण आला नव्हता. कानसेन चौकटीला टेकून उभा राहिला.

“उद्या सही करतो,” तो म्हणाला.

तिनं इस्त्री उभी केली. “तुम्हाला सांगितलं त्यानं?”

“नाही.”

“मग कशावरून?”

“ठोकून बघितलं.”

“कुणाला?”

“वाढ तू जेवायला.”

सोमवारी त्यानं सही केली. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की कान गेला तरी आतला तो आवाज जाईलच असं नाही, कित्येकांचा राहतो. तो म्हणाला, राहू दे, आता ओळखीचा झालाय.

त्याच आठवड्यात, ऑपरेशनच्या दिवशी, सकाळी तो दवाखान्याच्या खाटेच्या कडेवर बसला होता. बायको तोंड धुवायला गेली होती. रोजची ती पाच मिनिटं त्यानं आजही मोकळी ठेवली होती. डावा कान आज शेवटचा. त्यानं तोच पुढं केला, वाकून, मान तिरकी करून, आयुष्यभर जसा केला होता तसा. बोल, तो म्हणाला. आज तरी. जाता जाता या कानाला तुझं एक अक्षर मिळू दे, मग उरलेल्या जन्मात नाही बोललास तरी चालेल. हे म्हणताना त्याला लाज वाटली नाही. ताठा वस्तीतल्या खड्ड्यात राहिला होता.

खिडकीबाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. कानात गाठ गात होती. बाकी काही आलं नाही.

खाटेच्या उशाशी भिंतीवरून पाण्याचा नळ वर गेला होता, पांढरा रंग दिलेला, सांध्यावर रंग उडालेला. त्यानं सवयीनं बोटाच्या पेरानं ठोकलं. ठप्. मग तळवा टेकवला आणि टेकवलेलाच ठेवला.

बायको आली, वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला बसली. “काही बोलला?” तिनं विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. आणि तिचा हात धरून, तोंडावरच्या पाण्यानं अजून ओला असलेला, गार, तो आपल्या कपाळाच्या मधोमध ठेवला. ऑपरेशनला न्यायची ढकलगाडी येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.